जहाजाच्या पोटात कोरलेली सही

मुंबईच्या गोदीत सागवानाचं एक जहाज बांधलं गेलं. आधी ते ईस्ट इंडिया कंपनीचं होतं, मग ब्रिटिश नौदलाची फ्रिगेट झालं आणि निम्मं जग फिरून आलं. ते बांधणाऱ्या जमशेटजी बोमनजी वाडिया यांची ही गोष्ट.

ग्रुप प्रोजेक्टचं सगळं काम तुम्ही केलं, रात्र जागून रिपोर्ट तुम्ही लिहिला आणि प्रेझेंटेशनच्या दिवशी कौतुक मात्र भलत्याचंच झालं. झालंय ना असं कधी? मग काय केलंत? ग्रुपवर एखादा खोचक मेसेज टाकला असेल, नाहीतर मूग गिळून बसला असाल. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका माणसानं तिसराच मार्ग शोधला, असं सांगतात. त्यानं अख्खं जहाज बांधलं आणि त्याच्या पोटात, साहेबाची नजर सहसा जात नाही अशा जागी, ते कुणी बांधलंय हे कोरून ठेवलं.

तो माणूस म्हणजे जमशेटजी बोमनजी वाडिया. आडनाव ओळखीचं वाटतंय? वाटणारच. पुण्याचं वाडिया कॉलेज, बॉम्बे डाईंगच्या चादरी, परळचं मुलांचं वाडिया हॉस्पिटल, सगळीकडे हेच आडनाव आहे. पण या घराण्याची सुरुवात कापडापासून झालेली नाही. ती झाली लाकडापासून. सुरतेकडे वाडिया म्हणजे जहाज बांधणारा. आपल्याकडे सुतार, लोहार, कासार ही जशी कामावरून पडलेली आडनावं आहेत, तसंच हे.

पगार, महिना बारा रुपये

गोष्ट सुरू होते १७३६ साली. तेव्हाची मुंबई म्हणजे आजचं शहर डोळ्यांसमोर आणू नका. व्यापाराचं खरं बंदर होतं सुरत. कोकणच्या समुद्रावर आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा होता आणि कंपनीची जहाजं जीव मुठीत धरून ये-जा करायची. कंपनीला स्वतःची मजबूत जहाजं हवी होती, तीही मुंबईतच बांधलेली. म्हणून सुरतेच्या गोदीत काम करणाऱ्या लवजी नसरवानजी या पारशी कारागिराला मुंबईला बोलावण्यात आलं. ते सोबत थोडे सुतार घेऊन आले आणि कायमचे मुंबईकर झाले.

लवजींच्या देखरेखीखाली मुंबईची गोदी उभी राहिली. १७५० मध्ये तिथे सुकी गोदी तयार झाली. आशियातली पहिली सुकी गोदी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. सुकी गोदी म्हणजे काय, तर समुद्राला लागून बांधलेला दगडी हौद. भरतीला जहाज आत घ्यायचं, दरवाजे लावायचे, पाणी काढून टाकायचं. मग जहाजाच्या तळाशी आरामात उभं राहून काम करता येतं. आज गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवतात ना, तोच प्रकार. फक्त गाडीच्या जागी शेकडो टनांचं जहाज.

जमशेटजी हे याच लवजींचे नातू, बोमनजींचे चिरंजीव. आजोबा गोदीचे मुख्य बांधणीकार, वडील आणि काका त्यांचे वारस. म्हणजे आजच्या भाषेत पक्का नेपो किड! पण त्या घरात थेट खुर्ची मिळत नव्हती. जमशेटजी आणि त्यांचे चुलतभाऊ फ्रामजी माणेकजी यांना आजोबांनी गोदीत लावलं ते साधे सुतार म्हणून, महिना बारा रुपयांवर. करवत, रंधा, वाकस हातात घेऊन इतर सुतारांच्या रांगेत उभं राहायचं. लाकूड नुसतं ठोकून ते आतून पोकळ आहे की भरीव, हे कानानं ओळखायला शिकायचं. त्या काळी जहाजबांधणी शिकवणारं कॉलेज नव्हतं. गोदी हेच कॉलेज, आणि पास-नापास ठरवायचा समुद्र.

लवजी १७७४ मध्ये वारले. पुढे जमशेटजींचे वडील आणि काकाही गेले आणि १७९२ मध्ये फ्रामजी आणि जमशेटजी या चुलतभावांकडे गोदीचा कारभार आला. १८०४ मध्ये फ्रामजी गेले. त्यानंतर मुख्य बांधणीकार म्हणून जमशेटजी एकटेच उरले.

सागाचं गणित

आता जरा लाकडाबद्दल बोलू, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

इंग्लंडची युद्धजहाजं ओक वृक्षाच्या लाकडाची असत. एका मोठ्या जहाजाला हजारो झाडं लागायची आणि ओक वाढायला शंभर वर्षं. त्यात १७९३ पासून फ्रान्सशी युद्ध सुरू झालेलं. जहाजांची मागणी वाढत गेली आणि इंग्लंडमधला ओक कमी पडायला लागला.

इकडे मुंबईकडे साग होता. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळे ते लवकर कुजत नाही, वाळवी त्याला सहजासहजी लागत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळे ओकातल्यासारखे गंजून जात नाहीत. सागाचं जहाज ओकाच्या जहाजापेक्षा कितीतरी जास्त टिकायचं.

हा साग मुख्यतः मलबारमधून यायचा. १७९२ मध्ये टिपू सुलतानाला तहात मलबार सोडावं लागलं आणि तिथली जंगलं कंपनीच्या हातात आली. तो तह करायला लावणारा गव्हर्नर जनरल म्हणजे लॉर्ड कॉर्नवॉलिस. हे नाव लक्षात ठेवा, लगेच पुन्हा येणार आहे.

आपल्या नाशिककरांना या लाकडाची गोष्ट तशी जवळची. वीकेंडला बाइक काढून सापुताऱ्याला जाता ना? वणी मागे पडलं की घाटात जे सागाचं रान सुरू होतं, तेच डांगचं जंगल. जमशेटजींच्या काळानंतर, १८४० च्या दशकात, इंग्रजांनी डांगच्या राजांकडून हे जंगल भाडेपट्ट्यानं घेतलं. कारण तेच, जहाजांसाठी साग. म्हणजे आपण जिथे मक्याचं कणीस खात सेल्फी काढतो, त्या रानावर कधीकाळी ब्रिटिश नौदलाचा डोळा होता.

व्यापारी जहाज ते फ्रिगेट

१८०० च्या सुमाराला जमशेटजींनी कंपनीसाठी एक सागवानी जहाज बांधायला घेतलं. त्याचं नाव ठेवलं मार्क्विस कॉर्नवॉलिस. टिपूला हरवणारा तोच तो लॉर्ड.

असं जहाज उभं करायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. सगळ्यात आधी तळाचं लांबलचक मुख्य लाकूड बसवायचं. कोकणातले होड्या बांधणारे सुतार त्याला पठाण म्हणतात. हा जहाजाचा कणा. त्यातून दोन्ही बाजूंना बरगड्या निघतात. बरगडीसाठी सरळ लाकूड चालत नाही, कापून गोल केलेलंही नाही, कारण कापलं की त्याचे तंतू तुटतात आणि ताकद जाते. त्यामुळे मुळातच वाकडी वाढलेली झाडं शोधावी लागतात. ओंडक्यांच्या ढिगासमोर उभं राहून कुठल्या झाडात जहाजाची कुठली बरगडी दडलीय हे ओळखणं, ही मुख्य बांधणीकाराची खरी परीक्षा. मग फळ्या, मग फटी बुजवणं, तळाला तांब्याचे पत्रे, डोलकाठ्या, शिडं, दोर. मोठं जहाज पूर्ण व्हायला वर्ष-दोन वर्षं सहज जायची.

१८०१ मध्ये मार्क्विस कॉर्नवॉलिस तयार झालं. कंपनीची जहाजं माल वाहायची, पण तोफाही बाळगायची, कारण समुद्रात कुणाचाच भरवसा नव्हता. कॉर्नवॉलिस थेट इंग्लंडपर्यंत जाऊन आलं. ते परत आल्यावर, १८०५ च्या मार्चमध्ये, ब्रिटिश नौदलाचे पूर्वेकडचे प्रमुख अॅडमिरल एडवर्ड पेल्यू यांनी ते कंपनीकडून विकत घेतलं. युद्ध पेटलेलं होतं, इंग्लंडहून नवं जहाज मागवायला वेळ नव्हता आणि समोर एक दणकट जहाज तयार उभं होतं.

मार्क्विस ही पदवी गळाली. आता ते झालं एचएमएस कॉर्नवॉलिस, ५४ तोफांचं. तोफांच्या संख्येवरून नौदलाच्या यादीत त्याचा दर्जा साध्या फ्रिगेटपेक्षा वरचा होता, पण फ्रिगेट म्हणूनच ते ओळखलं जायचं. व्यापारी जहाज युद्धनौका होतं तेव्हा त्याचं पोटच बदलतं. मालाच्या गाठींच्या जागी दारूगोळा आणि पाण्याची पिंपं येतात, खलाशी कितीतरी पटींनी वाढतात, एकेका तोफेमागे माणसांची टोळी उभी राहते. हा सगळा भार मूळचा सांगाडा पेलेल की नाही, हे ज्यानं तो बांधला त्याच्या कामावर ठरतं. जमशेटजींचा सांगाडा पेलला.

नुसता पेलला नाही, तर जग फिरून आला. हे जहाज ऑस्ट्रेलियाला गेलं, तिथून पॅसिफिक ओलांडून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोचलं. १४ डिसेंबर १८०७ रोजी परतीच्या वाटेवर खलाशांना महासागराच्या मधोमध एक लहानशी प्रवाळ बेटं दिसली. कॅप्टन होते चार्ल्स जेम्स जॉन्स्टन. त्यांच्यावरून आजही नकाशावर जॉन्स्टन अॅटॉल हे नाव आहे. बेटाला जहाजाच्या कॅप्टनचं नाव मिळालं. जहाज बांधणाऱ्याचं नाव मात्र नकाशावर कुठेच नाही.

१८१० मध्ये या जहाजानं आजच्या इंडोनेशियातल्या अंबोइना बेटाच्या लढाईत भाग घेतला. मग मॉरिशसच्या मोहिमेत, मग १८११ मध्ये जावाच्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याचं नाव पुन्हा बदललं. नवं नाव होतं एचएमएस अकबर. हो, आपला फत्तेपूर सिक्रीवालाच! पारशी कारागिरानं बांधलेलं, इंग्रज लॉर्डच्या नावानं सुरू झालेलं जहाज आता मुघल बादशहाच्या नावानं फ्रेंच आणि डचांवर तोफा डागत होतं.

पुढे ते वेस्ट इंडीजला गेलं आणि १८१६ च्या डिसेंबरात पोर्ट्समथला नांगरून पडलं. लढाई संपली, पण लाकूड संपलं नव्हतं. साथीचे रोग बाहेरून येऊ नयेत म्हणून नौदलानं त्याचा विलगीकरणासाठी उपयोग केला. १८५० च्या दशकात लिव्हरपूलला गुन्ह्यात सापडलेल्या मुलांचं सुधारगृह याच जहाजावर भरायला लागलं. १८६० च्या दशकात अखेर ते विकलं गेलं, पण सुधारगृहासाठी जे दुसरं जहाज आणलं, त्यालाही अकबर हेच नाव दिलं. मुंबईत बांधलेला सांगाडा साठ वर्षं पाण्यावर टिकला.

आणि ती सही

आता मुद्द्याची गोष्ट. ही वाडियांविषयी लिहिताना हमखास सांगितली जाते. तिला शिक्का-मोर्तब केलेला सरकारी कागद समजू नका, गोदीची आठवण समजा.

त्या काळी मुंबईतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडी हिंदी माणसासाठी काय शब्द असायचे हे सांगायला नको. रंगावरून शिवी ही रोजची गोष्ट होती. जहाज पाण्यात उतरताना बँड वाजायचा, गव्हर्नरसाहेब यायचे, पाहुण्यांना मेजवानी मिळायची. कॉर्नवॉलिसच्या बांधणीत जमशेटजींनी कण्याच्या वर आतून बसवलेल्या वाशावर एक ओळ कोरून घेतली. जहाज भरल्यावर ही जागा मालाखाली, अंधारात गडप होते. ओळीचा अर्थ असा, की हे जहाज त्याच शिवी खाणाऱ्या काळ्या माणसानं बांधलंय, आणि पुढे साल, १८००.

तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे काही वर्षांनी जहाज दुरुस्तीसाठी गोदीत आलं. जहाजाची मजबुती बघून सगळे वाहवा करत होते. तेव्हा जमशेटजींनीच साहेबांना खाली नेलं आणि ती ओळ दाखवली.

विचार करा, त्यांनी तिथे स्वतःचं नाव टाकलं नाही. समोरच्यानं फेकलेला शब्द उचलला आणि उत्तम कामाच्या खाली सहीसारखा ठेवून दिला. तो शब्द खोडायचा तर जहाजाचा कणाच उकलावा लागला असता. आणि ते उघड करायला ते थांबले, समुद्रानं निकाल देईपर्यंत.

साहेबाला पाठवायचा होता इंग्रज, पण...

समुद्राचा निकाल लंडनपर्यंत पोचत होता. १८०२ च्या सुमाराला ब्रिटिश नौदलानं ठरवलं, की आपली युद्धजहाजं मुंबईत बांधून घ्यायची. बेत असा होता, की त्यासाठी इंग्लंडहून एक इंग्रज बांधणीकार पाठवायचा. पण जमशेटजींचं काम एव्हाना माहीत झालं होतं. बेत रद्द झाला आणि काम त्यांच्याकडेच राहिलं. कंपनीनं त्यांना चांदीची मोजपट्टी भेट दिली. लंडनजवळ ग्रिनिचच्या नौदल संग्रहालयात त्यांचं चित्र आहे. पांढरा अंगरखा, डोक्यावर पारशी पगडी, हाताशी जहाजाचा नकाशा आणि कमरेला ती पट्टी.

मग एकामागून एक जहाजं पाण्यात उतरली. १८०५ मध्ये उतरलेल्या फ्रिगेटचं नाव पुढे सॅलसेट झालं, म्हणजे आपली साष्टी. इंग्रज कवी बायरन १८१० मध्ये याच जहाजावरून तुर्कस्तानला चालला होता आणि वाटेत त्यानं हेलेस्पाँटची सामुद्रधुनी पोहून पार केली. त्याच वर्षी १९ जूनला ७४ तोफांचं मिंडेन उतरलं. ब्रिटिश नौदलाचं एवढं मोठं लढाऊ जहाज भारतात पहिल्यांदाच बांधलं गेलं होतं. १८१३ मध्ये ७४ तोफांचं नवं कॉर्नवॉलिस आलं, १८१५ मध्ये वेलस्ली.

१८१७ मध्ये उतरलं त्रिंकोमाली. त्याची बांधणी उशिरा सुरू झाली, कारण इंग्लंडहून नकाशे घेऊन निघालेलं जावा नावाचं जहाज १८१२ च्या अखेरीस ब्राझीलजवळ अमेरिकन जहाजाशी लढताना खलास झालं आणि नकाशेही गेले. नवे नकाशे आल्यावर १८१६ मध्ये पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकून काम सुरू झालं.

१८२१ मध्ये जमशेटजी वारले. त्यांनी हाती घेतलेलं गँजेस हे जहाज त्याच वर्षी त्यांच्यामागे पाण्यात उतरलं. पुढची जबाबदारी मुलानं, नौरोजींनी घेतली. याच घराण्यातले अर्देशिर खरशेटजी १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले.

अभिमान वाटावा का?

इथपर्यंत वाचून छाती फुगली असेल, तर आता एक अवघड प्रश्न.

ही जहाजं कुणासाठी लढली? १८४० मध्ये वेलस्ली चीनच्या किनाऱ्यावर होतं, अफूच्या युद्धात. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला, चीनला हाँगकाँग सोडावं लागलं आणि त्या कागदावर सह्या झाल्या त्या मुंबईच्या कॉर्नवॉलिसवर. वेलस्ली हे नाव तर आपल्याला चांगलंच माहीत हवं. १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला आणि असईची लढाई जिंकून मराठी सत्तेचं कंबरडं मोडणारा सेनापती तोच. आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच लाकडातून, आपल्यातल्याच कारागिरांनी ते साम्राज्य फळीफळीनं बांधून दिलं.

मग जमशेटजींना काय म्हणायचं? साहेबाचा माणूस? की साहेबाला त्याच्याच गोदीत उत्तर देणारा कारागीर? मला वाटतं, दोन्ही. कण्यावरची ती ओळ हेच दोन्ही एकत्र सांगते. काम तुझं करतोय, पण ते माझं आहे. उद्या कॅम्पस प्लेसमेंटमधून आपण कुठल्या कुठल्या कंपन्यांत जाऊ. कोड लिहू, डिझाइन करू, पुलाचं ड्रॉइंग काढू. ते कशासाठी वापरलं जाईल हे दर वेळी आपल्या हातात नसेल. पण विचारणं तरी हातात आहे. चांगलं काम करणं आणि ते कुणासाठी करतोय हे विचारणं, हे दोन वेगळे पेपर आहेत. जमशेटजी पहिल्यात मेरिटमध्ये आले. दुसऱ्यात त्यांना किती मार्क द्यायचे, ते तुम्ही ठरवा.

आणि एक राहिलंच. जमशेटजींना निदान चांदीची पट्टी मिळाली, चित्र निघालं. त्यांच्या हाताखाली ज्या शेकडो सुतारांनी, लोहारांनी, दोर वळणाऱ्यांनी आणि फटी बुजवणाऱ्यांनी ही जहाजं उभी केली, त्यांची नावं कुठल्याच वाशावर नाहीत.

आज काय बघाल?

- पंचवटी एक्स्प्रेसनं सीएसएमटीला उतरा आणि फोर्टातून लायन गेटकडे चालत जा. भिंतीपलीकडे तीच जुनी गोदी आहे. आता ती भारतीय नौदलाची असल्यामुळे आत सहज जाता येत नाही, पण बाहेरून चक्कर मारायला काय हरकत आहे!
- वेलस्ली १९४० पर्यंत टिकलं. त्या सप्टेंबरात थेम्स नदीत ते जर्मन बॉम्बनं बुडालं. लाकडी जहाज आणि विमानातून पडलेला बॉम्ब, ही गाठ पडायला सव्वाशे वर्षं जावी लागली.
- त्रिंकोमाली अजून जिवंत आहे. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ते पाण्यावर तरंगतंय. आजही तरंगणारी सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून लोक तिकीट काढून ते बघायला येतात. कुणी नातेवाईक तिकडे शिकायला असतील, तर त्यांना सांगा, बुकिंग करा आणि आत गेल्यावर लाकडाला एकदा हात लावून बघा. ते आपल्याकडचं आहे.